डेक घेतलात, आता पत्ते कोणत्या क्रमानं शिकायचे?

(आमच्याकडून टॅरो डेक नेणाऱ्यांसाठी)

डेक नेल्यावर महिन्याभरानं बरेच ग्राहक पुन्हा दुकानात येतात आणि दोनपैकी एक गोष्ट म्हणतात. "पत्ते लक्षातच राहत नाहीत", नाहीतर "हा डेक मला मानवत नाही, दुसरा दाखवा." दुसरा डेक विकायला आमची काय हरकत असणार? पण चार प्रश्न विचारले की दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघतं. सोबतच्या पुस्तिकेत पत्ते ज्या क्रमानं छापलेत त्याच क्रमानं, रोज एक, असं शिकायला घेतलेलं असतं. द फूलपासून सुरुवात, मोठ्या उत्साहात द वर्ल्डपर्यंत मजल, मग वाँड्स या रंगाचा एक्का, दुर्री, तिर्री. वाँड्सच्या सत्ती-अठ्ठीपर्यंत पोचता पोचता डेक कपाटात गेलेला असतो. कप्सची तर भेटही होत नाही.

यात दोष ना डेकचा, ना तुमच्या स्मरणशक्तीचा. ७८ सुट्या पत्त्यांचे ७८ सुटे अर्थ पाठ करायला घेतले तर कुणाचीही तीच गत होईल. मेंढीकोट खेळणारा माणूस ५२ पत्ते वेगवेगळे पाठ करत नाही. त्याला रंग कळतो, आकडा कळतो, आणि दोन्ही जोडले की पत्ता कळतो. टॅरोची बांधणीही तशीच आहे, कारण हे पत्तेही मुळात खेळायचेच होते. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत नेहमीच्या चार रंगांच्या पत्त्यांना हुकमाच्या पत्त्यांची एक वेगळी माळ जोडली गेली. त्या २२ पत्त्यांनाच आज आपण मेजर अर्काना, थोडक्यात मेजर, म्हणतो. पत्त्यांवरून भविष्य सांगायची पद्धत फ्रान्समध्ये रुळली ती बरीच नंतर, अठराव्या शतकाच्या शेवटी. ७८ पैकी उरलेले ५६ म्हणजे मायनर, त्यांचे चार रंग: वाँड्स (काठ्या), कप्स (पेले), सोर्ड्स (तलवारी), पेंटॅकल्स (नाणी). प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पत्ते आणि चार कोर्ट कार्डं, म्हणजे पेज, नाइट, क्वीन, किंग.

म्हणून आम्ही सांगतो तो क्रम असा: आधी मायनरचे आकडे, चारही रंग एकदम, मग मेजर, कोर्ट कार्डं सगळ्यात शेवटी.

"मेजर आधी का नाही? सगळीकडे तर तसंच शिकवतात." हा प्रश्न काउंटरवर रोजचा. मेजर आधी शिकवणारे चुकतात असं आम्ही म्हणत नाही. पण हिशेब करून बघा. पूर्ण डेक पिसून तीन पत्ते काढले, तर त्यातले सरासरी दोनाहून थोडे जास्तच मायनर असतात. तिन्ही मेजर येण्याची शक्यता शंभरात जेमतेम दोनदा. म्हणजे २२ मेजर अगदी तोंडपाठ असले तरी समोर मांडलेल्या तिनांपैकी एखादाच पत्ता तुमच्याशी बोलणार आणि बाकीच्यांसाठी पुस्तिका उघडावी लागणार. शिवाय डेथ, टॉवर, डेव्हिल असली भारदस्त चित्रं आधी बघून घेतली की नंतरचे छोटे पत्ते अळणी लागतात. आमच्या रविवारच्या शिकवणीच्या बॅचमध्येही सुरुवातीला काहींची कुरकुर असते की आम्हाला किरकोळ पत्त्यांवर अडकवून ठेवलंय. पंज्यांच्या दिवशी ती बंद होते.

त्या पंज्या नीट बघू. पुढचं वर्णन रायडर-वेट डेकचं आहे, कारण आमच्याकडून सर्वात जास्त तोच जातो. १९०९ साली लंडनमध्ये विल्यम रायडर अँड सन यांनी तो काढला. आखणी आर्थर एडवर्ड वेटची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथची. त्याआधीच्या बहुतेक डेकमध्ये पाच पेले म्हणजे नुसते पाच पेले छापलेले असत. पामेलानं मायनरच्या प्रत्येक पत्त्यावर माणसांचा किंवा वस्तूंचा एक प्रसंग उभा केला. डेकचं नाव घेताना लोक अजूनही तिला वगळतात, हे आम्हाला पटत नाही, पण पाकिटावरची नावं आमच्या हातात नाहीत.

टेबलावर चार पंज्या शेजारी शेजारी ठेवा. वाँड्समध्ये पाच पोरं काठ्या घेऊन भिडलीत. भांडतायत की खेळतायत ते कळत नाही. कप्समध्ये काळ्या झग्यातला एकजण सांडलेल्या तीन पेल्यांकडे बघतोय. मागे दोन उभे आहेत, तिकडे त्याची पाठ आहे. सोर्ड्समध्ये एकजण तलवारी गोळा करून कुत्सित हसतोय आणि हरलेले दोघे पाठमोरे चाललेत. पेंटॅकल्समध्ये बर्फात दोन फाटके जीव उजळलेल्या रंगीत खिडकीखालून पुढे चाललेत. आता यांच्या वरच्या रांगेत चार चव्व्या लावा: फुलांच्या माळांचा मांडव, झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण, थडग्यावर हात जोडून पहुडलेला योद्धा, नाणी कवटाळून बसलेला माणूस. वरच्या रांगेत सगळं जागच्या जागी बसलंय, कुठे जरा जास्तच. खालच्या रांगेत ते विस्कटलंय. खाली छक्क्या मांडल्या की विजयाची मिरवणूक, फुलं देणारी मुलं, पैलतीराला निघालेली नाव आणि तराजू धरून दान करणारा व्यापारी दिसतो. विस्कटलेलं हळूहळू सावरतंय, कुणीतरी कुणाला काहीतरी देतंय. बारा पत्ते एका बैठकीत होतात आणि अर्थ पाठ करावे लागत नाहीत, कारण ते रांगेतून दिसतात.

रंगांचा स्वभावही यातूनच उमजतो. वाँड्स म्हणजे जोर आणि उमेद, कप्स म्हणजे मन, सोर्ड्स म्हणजे विचार आणि वाद, पेंटॅकल्स म्हणजे पैसा, शरीर, घरदार. हे वाक्य कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण एकच विस्कटणं चार रंगांत चार तऱ्हेनं घडताना बघितलं की ते विसरत नाही.

एका आकड्याचे चारही पत्ते एकच गोष्ट सांगतात, हा नियम सगळीकडे सारखा चालत नाही, हेही सांगून ठेवतो. नव्व्या घ्या. कप्सच्या नव्वीत तृप्त गृहस्थ बसलाय आणि सोर्ड्सच्या नव्वीत कुणीतरी मध्यरात्री उठून तोंड झाकून बसलंय. या दोघांचा मेळ कसा घालायचा? चारही पत्त्यांवरची माणसं मोजा. प्रत्येकावर एकच आहे. शेवटाच्या एक पायरी अलीकडे जो तो एकटा, मग समाधानात असो की घोरात. पुस्तिकेच्या क्रमानं गेलात तर या चौघांची गाठ एकमेकांशी कधी पडतच नाही.

एक्क्यापासून दश्शीपर्यंत ४० पत्ते झाले की मेजर हातात घ्या. इथे पुस्तिकेचा क्रम चालेल, पण सरळ रेषेत नको. फूल बाजूला ठेवा आणि उरलेल्या २१ पत्त्यांच्या सात-सातच्या तीन रांगा करा. मग जोड्या शोधा. सहावा लव्हर्स आणि पंधरावा डेव्हिल शेजारी ठेवा: वर एक मोठी आकृती, खाली स्त्री-पुरुष, मांडणी तीच. फक्त देवदूताच्या जागी सैतान आलाय आणि गळ्यात साखळ्या आल्यात, त्याही सैल. डेथमधले क्षितिजावरचे दोन मनोरे मूनमध्ये पुन्हा भेटतात. फूल कुठे ठेवायचा यावर जुन्यांचंही एकमत नव्हतं; खुद्द वेटनं आपल्या पुस्तकात त्याला २० आणि २१ च्या मधे घातलंय. तेव्हा छापलेला क्रम मोडला तर काही पाप लागत नाही.

कोर्ट कार्डं शेवटी, कारण ती माणसं आहेत आणि आजूबाजूचा मजकूर कळल्याशिवाय माणसं कळत नाहीत. तीही रंगवार नको, हुद्द्यानुसार घ्या. चार नाइट ओळीनं ठेवून फक्त घोडे बघा. वाँड्सचा पुढचे पाय उचलून उधळलेला, कप्सचा संथ पावलं टाकणारा, सोर्ड्सचा चौखूर सुटलेला, पेंटॅकल्सचा ढिम्म उभा. उलटे (डोकं खाली करून आलेले) पत्ते वाचायची घाई ७८ सुलटे ओळखीचे होईपर्यंत करू नका.

यात वेळ खाणारी एक गोष्ट उरते: डेक एका परंपरेचा आणि पुस्तक दुसऱ्या. मेजरमधला आठव्या क्रमांकाचा पत्ता काढा. त्यावर सिंहाला आवरणारी बाई असेल तर तुमचा डेक रायडर-वेटच्या घराण्यातला आहे. हातात तराजू-तलवार घेतलेली जस्टिस असेल तर तो मार्सेय या जुन्या फ्रेंच वळणाचा. तिथे छोट्या पत्त्यांवर प्रसंग नसतात, म्हणून आकड्यांची पद्धत तिथे दुप्पट कामाची. थॉथ नावाच्या डेकमध्ये आठवर ॲडजस्टमेंट (जस्टिसच्या जागी) आणि अकरावर लस्ट (सिंहवाल्या बाईच्या जागी) येतो. शिवाय राजाच नाही, नाइट, क्वीन, प्रिन्स आणि प्रिन्सेस असतात. थॉथवाल्यांनी वरच्या चित्रांच्या खुणा शोधत बसू नये. त्यांच्यासाठी वेगळं टिपण आहे, मागून घ्या.

"स्वतःसाठी डेक विकत घेऊ नये, कुणीतरी भेटच द्यावा लागतो" असं ऐकून काहीजण बिचकतात. तसा नियम असता तर आम्हाला दुकानाचं भाडं भरता आलं नसतं. पत्ते भविष्य सांगतात का, यावर आम्ही काउंटरवर वाद घालत नाही. ज्यांना सांगतात त्यांनाही ते आधी वाचता यायला हवेत.

दुकानात प्रत्येक डेकचा एक उघडा नमुना ठेवलेला आहे. घेण्याआधी त्यातल्या चार पंज्या मागून बघा. चित्रं तुमच्याशी बोलली नाहीत तर तो डेक घेऊ नका. ही सोय दिलेली असल्यामुळे सील फोडलेला डेक आम्ही बदलून देत नाही. छपाईत दोष असेल किंवा पत्ता कमी असेल तर मात्र जरूर आणा. चार रंग आणि दहा आकडे यांच्या रिकाम्या चौकटी छापलेला कागद प्रत्येक डेकसोबत मोफत मिळतो. अर्थांची तयार यादी आम्ही मुद्दाम देत नाही, चौकटी तुम्ही भरायच्या. रांगा नीट मावतील एवढं पसरायचं कापडही ठेवतो. नसेल तर घरची जुनी चादर चालते. रविवारच्या बॅचला आपलाच डेक आणायचा.

आणि व्हॉट्सॲपवर एकट्या पत्त्याचा फोटो पाठवून "याचा अर्थ काय?" असं विचारू नका. त्याच आकड्याचे चारही पत्ते शेजारी ठेवून फोटो पाठवा, उत्तर त्याच दिवशी मिळेल.