जॉर्जियाची वाईन घेताना : लाल, पांढरी आणि तिसरी

आमच्याकडून जॉर्जियाची पांढरी वाईन पहिल्यांदाच नेणाऱ्या ग्राहकाचा दुसऱ्या दिवशी फोन आला, की तो काय विचारणार हे आम्हाला आता पाठ झालं आहे. "बाटली खराब लागली का हो?" पांढरी म्हणून नेलेली वाईन ग्लासात ओतली तर रंग कोऱ्या चहाचा, घोट घेतला तर हिरड्यांना तुरटपणा जाणवतो, आणि बाटलीच्या तळाशी थोडा साकाही दिसतो. वाईन ठणठणीत असते. द्राक्षं पांढरीच असतात, पण ती ज्या रीतीने आंबवली जातात ती इतरत्र लाल वाईनसाठी वापरतात. दरवेळी फोनवर समजावण्यापेक्षा एकदा नीट लिहून द्यावं म्हणून हे पत्रक काढलं.

आमचं सांगणं थोडक्यात असं : या देशाची बाटली हातात घेतली की रंगाकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा ती रांजणातली आहे की स्टीलच्या टाकीतली. मग ड्राय आहे की गोडसर. आणि मग लेबलवरचं मोठ्या अक्षरातलं नाव द्राक्षाच्या जातीचं आहे की गावाचं. एवढं कळलं तर सहसा फसगत होत नाही.

देशाबद्दल थोडंसं

कॉकेशस पर्वत आणि काळा समुद्र यांच्या कुशीतला हा लहानसा देश. राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेला गदाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा नावाची दोन प्राचीन वस्तीस्थानं आहेत. तिथल्या मातीच्या भांड्यांच्या खापरांत द्राक्षाच्या वाईनचे रासायनिक अंश सापडले आणि ते इसवी सनपूर्व 6000 च्या आसपासचे निघाले. हे संशोधन 2017 साली प्रसिद्ध झालं. "आठ हजार वर्षांची परंपरा" असं जॉर्जियाच्या बाटल्यांवर छापलेलं असतं, त्याला आधार हा. विक्रेत्याची बढाई म्हणून सोडून देऊ नका.

देशी द्राक्षांच्या पाचशेहून अधिक जाती तिथे नोंदलेल्या आहेत. बाजारात मात्र त्यातल्या मोजक्याच येतात. याला सोव्हिएत काळ बराचसा कारणीभूत. उत्पादन वाढवायचं म्हणून भरघोस पिकणाऱ्या थोड्या जातींवर भर दिला गेला, बाकीच्या परसात आणि संशोधन केंद्रांच्या मळ्यांत उरल्या. 1985 मध्ये गोर्बाचेव यांची दारूविरोधी मोहीम सुरू झाली तेव्हा कितीतरी मळे उपटले गेले. पुढे 2006 मध्ये रशियाने जॉर्जियन वाईनवर बंदी घातली आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं. ती बंदी 2013 मध्ये उठली. पण मधल्या वर्षांत तिथल्या उत्पादकांना नव्या देशांत जाऊन, चोखंदळ लोकांना चव दाखवून माल विकावा लागला. आज आपल्याला जी चांगली जॉर्जियन वाईन मिळते, तिचं बरंचसं श्रेय आमच्या मते त्या बंदीलाच आहे.

क्वेव्री म्हणजे जमिनीत पुरलेला रांजण

क्वेव्री हा मातीचा मोठा रांजण. पोट फुगीर, बूड निमुळतं, आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. लहान काही लिटरांचे असतात, मोठ्यांत हजारो लिटर मावतं. कुंभार तो थराथराने चढवत नेतो. एक थर थोडा वाळल्याशिवाय पुढचा घेत नाही, त्यामुळे एका रांजणाला आठवडे लागतात. भट्टीतून काढल्यावर तो अजून गरम असतानाच आतून मधमाश्यांचं मेण चोळतात. मेणाने रांजण पूर्ण बंद होत नाही, भिंतीतली बारीक छिद्रं तेवढी बुजतात. जिथे हे रांजण पुरलेले असतात त्या खोलीला मरानी म्हणतात. मरानीत गेलात तर जमिनीवर नुसती गोल तोंडं दिसतात, बाकी सगळा कारखाना पायाखाली.

पूर्वेकडच्या काखेती प्रांतात द्राक्षं तुडवली की रसाबरोबर साल, बिया आणि काही वेळा देठसुद्धा रांजणात जातात. आंबवण सुरू झाली की साली वर तरंगून जाड थर धरतात. तो थर दिवसातून अनेकदा लाकडी दांड्याने खाली ढकलावा लागतो, नाहीतर वाईन आंबूस होते. जोर ओसरला की साली हळूहळू खाली बसतात, रांजणाचं तोंड झाकून ओल्या मातीने लिंपतात आणि ते सरळ वसंतात उघडतात. पाच-सहा महिने. निमुळत्या बुडाची करामत इथे कळते : बिया आधी तळाच्या टोकात जाऊन बसतात, त्यांच्यावर सालींचा आणि गाळाचा थर येतो, त्यामुळे बियांचा कडवटपणा वर फारसा चढत नाही. जमीन आपोआप थंडावा देते, यंत्र लागत नाही.

रांजण रिकामा झाला की तो धुणं हे वेगळंच काम. लांब दांड्याला चेरीच्या सालीची चकती बांधतात आणि तिने आतली भिंत घासतात. मोठ्या रांजणात माणूस स्वतः उतरतो. धुतलेलं पाणी स्वच्छ निघेपर्यंत हे चालू राहतं. इथे हयगय झाली तर पुढच्या वर्षीची सगळी वाईन हातची जाते. क्वेव्रीत वाईन करण्याच्या या पारंपरिक पद्धतीला 2013 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

सालींसकट मुरलेली ही पांढऱ्या द्राक्षांची वाईन म्हणजेच अंबर वाईन. काही लेबलांवर तिला ऑरेंज वाईन म्हटलेलं असतं, पण संत्र्याचा तिच्याशी काहीही संबंध नाही.

पांढऱ्या जाती

र्कात्सितेली ही काखेतीची मुख्य पांढरी जात. थंडी सोसते, भरपूर पिकते आणि पूर्ण पिकल्यावरही आंबटपणा टिकवून धरते. सोव्हिएत काळात तिची लागवड इतकी झाली की जगातल्या सर्वाधिक लावलेल्या पांढऱ्या जातींत तिची गणना होत असे. टाकीत केलेली र्कात्सितेली फिकी, हिरव्या सफरचंदाच्या चवीची, साधी आणि सरळ असते. तीच क्वेव्रीत केली की वाळवलेलं जर्दाळू, अक्रोड, मध असे वास येतात आणि अंगात भारदस्तपणा येतो. दोन बाटल्या शेजारी ठेवून प्यायल्यात तर एकाच द्राक्षाच्या आहेत हे पटणार नाही. म्हणूनच आधी भांडं बघा, असा आमचा आग्रह.

काखुरी म्त्स्वाने (उच्चार करताना अडखळलात तरी चालेल, आम्हीही अडखळतो) अधिक सुवासिक, पांढरी फुलं आणि पीच यांच्या अंगाची. ती एकटीही मिळते, पण तिचं खरं काम र्कात्सितेलीला सुवास देणं. किसी आणि खिख्वी या दोन जाती मधल्या काळात मागे पडल्या होत्या, आता पुन्हा लावल्या जात आहेत. क्वेव्रीतली किसी आमची स्वतःची आवडती आहे. तुरटपणा बेताचा, पिकलेल्या नासपतीचा वास, आणि अंबर वाईन पहिल्यांदा घेणाऱ्याला ती दचकवत नाही.

मध्य भागातल्या कार्तली प्रांतात चिनुरी पिकते. हलकी, तरतरीत आणि बुडबुड्यांच्या वाईनला उत्तम. पश्चिमेकडच्या इमेरेतीत त्सोलिकोउरी, त्सित्स्का आणि क्राखुना. तिकडे हवा दमट आणि रीतही वेगळी : रांजणाला तिथे चुरी म्हणतात आणि त्यात सालींचा थोडाच भाग घालतात, देठ नाहीच. म्हणून इमेरेतीची रांजणातली वाईन काखेतीच्या मानाने फिकी आणि मऊ असते. अंबर झेपेल की नाही अशी शंका असेल तर सुरुवात इमेरेतीपासून करा.

लाल : सापेरावी आणि इतर

लाल म्हटलं की सापेरावी, यात दुमत नाही. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढुरका असतो, रंग फक्त सालीत. सापेरावीचा गरसुद्धा लाल. दाणा चिरडला की बोटं रंगतात, आणि वाईन ग्लासात इतकी गडद दिसते की पलीकडचं काही दिसत नाही. काळी तुती, आलुबुखार, थोडा मसालेदारपणा आणि भक्कम आंबटपणा. या आंबटपणामुळे ती बाटलीत वर्षानुवर्षं टिकते. चांगली सापेरावी दहा वर्षं ठेवली तरी घाबरायचं कारण नाही. रंग बघून ती जड असेल असं वाटतं, पण कोवळी सापेरावी बऱ्याचदा रसरशीत आणि खेळकर निघते.

इतर लाल जाती थोड्या प्रमाणात येतात. कार्तलीतली तावक्वेरी हलकी आणि चेरीच्या चवीची, शावकापितो तिच्याहून गंभीर. इमेरेतीतली ओत्सखानुरी सापेरे कोवळेपणी फार आंबट, तिला वेळ द्यावा लागतो. पश्चिमेकडच्या सामेग्रेलो प्रांतातली ओजालेशी पूर्वी झाडांवर चढवत आणि पिकली की माणसं झाडावर चढून घोस काढत.

गोडसर लाल वाईन

इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. किंझमराउली आणि ख्वांचकारा ही जॉर्जियाची बाहेर सर्वांत गाजलेली नावं, आणि दोन्ही सेमी-स्वीट. किंझमराउली काखेतीतल्या क्वारेली भागातल्या सापेरावीची. ख्वांचकारा उत्तरेच्या डोंगराळ राचा प्रांतातली, अलेक्सांद्रोउली आणि मुजुरेतुली या दोन जातींची. ती स्टालिनची आवडती होती असं सांगतात आणि हे सांगितल्याशिवाय कुणी ती विकत नाही. राचात हिवाळा कडक. पूर्वी थंडी पडली की रांजणातली आंबवण आपोआप थांबायची आणि द्राक्षाची थोडी साखर उरायची. आता तेच काम टाकी थंड करून केलं जातं. म्हणजे हा गोडवा द्राक्षाचाच, वरून साखर घातलेली नसते.

जेवणाबरोबर ड्राय लाल हवी असेल तर या दोन्ही नेऊ नका. तीच सापेरावी ड्राय हवी तर मुकुझानी मागा. उलट ज्यांना लाल वाईनचा तुरटपणा सोसत नाही, त्यांना थंड केलेली ख्वांचकारा हमखास आवडते. गोड वाईन म्हणजे कमअस्सल, हा समज आम्हाला मान्य नाही.

लेबल वाचताना

सापेरावी, किसी, चिनुरी ही द्राक्षांची नावं. मुकुझानी, त्सिनंदाली, नापारेउली, किंझमराउली, त्विशी ही ठिकाणांची, आणि कायद्याने राखलेली. अशा राखीव नावांची यादी वीसहून मोठी आहे. नाव ठिकाणाचं असेल तर द्राक्ष आणि प्रकार दोन्ही ठरलेले असतात. त्सिनंदाली म्हणजे मुख्यतः र्कात्सितेली, सोबत थोडी म्त्स्वाने, ड्राय पांढरी. हे कवी अलेक्सांद्र चावचावाद्झे यांच्या जहागिरीचं गाव. एकोणिसाव्या शतकात त्यांनी तिथे युरोपीय पद्धतीची बाटलीबंद वाईन सुरू केली. तिबाआनी म्हणजे क्वेव्रीतली अंबर र्कात्सितेली. त्विशी म्हणजे त्सोलिकोउरीची सेमी-स्वीट पांढरी. नापारेउली मात्र लालही असते आणि पांढरीही, तेव्हा तिथे विचारूनच घ्या.

लेबलवर क्वेव्री हा शब्द कुठेच नसेल तर वाईन टाकीतली समजा.

कशी वाढावी

अंबर वाईन फ्रिजमधून थेट ग्लासात ओतू नका. फार थंड केली की वास मिटतो आणि तुरटपणा तेवढा उरतो. 14 ते 16 अंश बरे. साका असेल तर बाटली काही तास उभी ठेवा आणि शेवटचा घोट बाटलीतच सोडा. टाकीतल्या पांढऱ्या वाईन 8 ते 10 अंशांवर, सेमी-स्वीट लाल त्याहून किंचित कमी थंड, ड्राय सापेरावी 16 ते 18 वर.

जॉर्जियात जेवणाचं ताट एकामागून एक येत नाही. सुप्रा म्हणजे मेजवानी, तिथे सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडलेले असतात, आणि तमादा, म्हणजे मेजवानीचा सूत्रधार, शुभेच्छांची भाषणं करत राहतो. वाईनही त्याच हिशोबाने बेतलेली. अंबर वाईन अक्रोडाच्या वाटणाचे पदार्थ, वांगी आणि चीज भरलेली खाचापुरी या सगळ्यांबरोबर चालते, कारण तिच्यात पांढरीचा आंबटपणा आणि लालचा तुरटपणा दोन्ही असतात. द्राक्षाच्या वाळल्या काटक्यांवर भाजलेल्या मांसाला, म्त्स्वादीला, सापेरावीशिवाय पर्याय नाही.

ठेवण आणि काळजी

क्वेव्रीतल्या वाईनमध्ये सल्फाइट, म्हणजे वाईन टिकवणारं रसायन, बहुधा कमी असतं, पण "अजिबात नाही" असं आम्ही सांगणार नाही. आंबवताना ते थोडंफार आपोआप तयार होतं. ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारून मगच घ्या. बंद बाटली अंधारात, आडवी आणि गारव्यात ठेवा. उघडलेली अंबर बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस सहज राहते, दुसऱ्या दिवशी काही वेळा अधिकच छान लागते. टाकीतली पांढरी मात्र दोन दिवसांत संपवा. बुचाच्या वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा व्हिनेगरचा वास आला तर ती खरोखर बिघडलेली. उरलेल्या वाईनसकट बाटली परत आणा, आम्ही बदलून देऊ. कमी झालेली वाईन मोजणार नाही, पण बाटली रिकामी नसावी.