अंगावर पिणारं बाळ बाटली का ढकलतं?

"अगदी आईसारखं" असा दावा करणारी निप्पल्स बाजारात मिळतात, साध्या निप्पलपेक्षा चांगली महाग असतात, आणि रजा संपत आलेल्या आया ती घेतातही. बाळ आधी ते नुसतं चावतं, मग जिभेने बाहेर ढकलतं, आणि थोड्या दिवसांनी बाटली नुसती दिसली तरी भोकाड पसरतं. मग घरात चर्चासत्र सुरू होतं. एक जण म्हणतं पहिल्यापासून सवय लावायला हवी होती, दुसरं म्हणतं लाडावलंय, तिसरं मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायला बसतं. दृष्ट काढायला माझी हरकत नाही, त्याने बाळाला काही होत नाही, पण त्याने बाटलीतला प्रवाहही बदलत नाही. आणि सगळा घोळ बराचसा त्या प्रवाहाचाच आहे.

आधी रजेचं गणित बघू, कारण बाळ नेमकं किती मोठं असताना ही वेळ येते त्यावर बरंच काही अवलंबून आहे. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे (ज्यांना हा कायदा लागू होतो त्यांना, बाकीच्यांचे हाल वेगळेच). पण त्यातले 8 आठवडेपर्यंत बाळंतपणाच्या आधी घेता येतात, आणि ज्या बाईने ते घेतले तिच्या हातात नंतर उरतात 18 आठवडे, म्हणजे बाळ जेमतेम चार महिन्यांचं असताना ऑफिस. आता गंमत अशी की चोखणं ही पहिले काही महिने बरीचशी आपोआप होणारी क्रिया असते, टाळूला काही लागलं की बाळ चोखायला लागतं, आणि साधारण तीन-चार महिन्यांच्या आसपास ती हळूहळू बाळाच्या मर्जीवर जायला लागते. म्हणजे महिन्याच्या बाळाने बाटली घेतली यात त्याची पसंती फारशी नसते. चार महिन्यांच्या बाळाला मात्र "हे नको" असं म्हणता येतं, आणि ते म्हणतं.

आता माझा आवडता भाग. बाळ अंगावर दूध पितं म्हणजे नक्की काय करतं?

बरीच वर्षं समज असा होता की बाळ जिभेने दूध पिळून काढतं, गाईची धार काढल्यासारखं. या समजाला आधारही होता. 1958 साली आर्ड्रन, केम्प आणि लिंड या मंडळींनी आयांच्या स्तनाग्राला एक्स-रेत दिसणारा बेरियमचा लेप लावून बाळ पीत असताना एक्स-रे फिल्म काढली होती (आज कुठलीही एथिक्स कमिटी हे करू देणार नाही). त्यात जीभ लाटेसारखी मागे सरकताना दिसली, आणि त्यांनी निष्कर्ष काढला की जीभ दूध पिळते. मग 2008 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात पर्थला डोना गेडिस यांच्या गटाने वेगळी युक्ती केली. हनुवटीखाली अल्ट्रासाऊंडचा प्रोब धरला आणि त्याच वेळी एक बारीक नळी स्तनाग्राच्या बाजूने बाळाच्या तोंडात ठेवून तोंडातला दाब मोजला. जीभ वर असते तेव्हा दूध येत नाही. जिभेचा मागचा भाग खाली जातो, तोंडातली पोकळी वाढते, व्हॅक्यूम सगळ्यात जास्त होतो, आणि नेमकं त्याच क्षणी स्क्रीनवर दुधाचे पांढरे ठिपके उडताना दिसतात. म्हणजे मुख्य काम ओढण्याचं आहे, पिळण्याचं नाही. 2014 मध्ये इस्रायलच्या एलाद यांच्या गटाने अल्ट्रासाऊंड आणि कॉम्प्युटर मॉडेल वापरून हेच दाखवलं, जिभेचा पुढचा भाग जबड्याबरोबर वरखाली होतो आणि मागची लाट ही गिळण्यासाठी असते.

हा व्हॅक्यूम केवढा असतो? गेडिस यांच्या मोजणीत सरासरी शिखर साधारण 145 मिलिमीटर पारा (रक्तदाब मोजतात तेच एकक) इतकं भरलं. आणि दोन चोखण्यांच्या मधेसुद्धा तो शून्यावर येत नाही, साठ-पासष्टच्या आसपास टिकून असतो, त्यामुळेच तोंड सुटत नाही. शिवाय स्तनाग्र तोंडात गेल्यावर जवळजवळ दुप्पट लांब ताणलं जातं. सिलिकॉनचं निप्पल इतकं ताणलं जात नाही. त्यामुळे आकार कितीही गोल, रुंद, त्वचेसारखा मऊ केला तरी "अगदी आईसारखं" हे फक्त छापील वाक्य राहतं.

दुसरा फरक वेळेचा. अंगावर घेतल्याबरोबर दूध धो धो येत नाही. बाळ आधी भराभर, सेकंदाला साधारण दोन वेळा, छोटं छोटं चोखतं, त्याचा निरोप आईच्या मेंदूकडे जातो, ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, ते रक्तातून येऊन दुधाच्या ग्रंथींभोवतीच्या पेशी आवळतं, आणि मग पान्हा फुटतो. या सगळ्यात मिनिटभर जातो. पान्हा फुटला की बाळाची लय बदलते, सेकंदाला एक असं लांब, सावकाश चोखणं सुरू होतं. थोड्या वेळाने प्रवाह ओसरतो, बाळ विश्रांती घेतं, परत भराभर चोखतं, परत पान्हा. एका पाजण्यात असं बरेचदा दोन-चार वेळा होतं. प्रवाह कधी चालू करायचा हे बऱ्याच अंशी बाळाच्या हातात, खरं म्हणजे तोंडात, असतं.

आता बाटली उलटी धरा. बाळाने काहीही करायच्या आत थेंब पडायला लागतात, कारण वरच्या दुधाचं वजन. दुधाचा 10 सेंटिमीटर उंचीचा स्तंभ खालच्या भोकावर साधारण साडेसात मिलिमीटर पारा एवढा दाब देतो. 145 पुढे हे किरकोळ वाटेल, पण लक्षात घ्या, हा दाब थांबत नाही. बाळाने चोखणं थांबवलं तरी तो चालूच. (इथून पुढे थोडं फिजिक्स आहे, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर जा.) भोकातून येणारा प्रवाह हा भोकाचं क्षेत्रफळ गुणिले दाबातल्या फरकाचं वर्गमूळ, असा ढोबळमानाने धरता येतो. म्हणजे दाब चौपट झाला तर प्रवाह दुप्पट होतो, पण भोकाचा व्यास नुसता दुप्पट झाला तर प्रवाह चौपट होतो. म्हणून ते सुई गॅसवर लाल करून निप्पलचं भोक मोठं करायचं जे घरगुती शास्त्र आहे ते कृपया बंद करा, हाताला जरासं वाटतं आणि बाळाच्या घशात पूर येतो. उलट बाजूने, बाटलीतलं दूध कमी झालं आणि हवा आत गेली नाही की बाटलीतच व्हॅक्यूम तयार होतो आणि तो बाळाच्या व्हॅक्यूमशी भांडतो, दूध येईनासं होतं, बाळ चिडतं. बऱ्याच निप्पलच्या खालच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं, ते हवेसाठी. बाटलीची रिंग फार करकचून आवळली की ते दाबलं जातं. थोडी सैल करा, दूध गळणार नाही इतपत, आणि बुडबुडे आत जाताना दिसतात का बघा.

प्रवाह जास्त असला तर बाळाला काय त्रास? तर श्वासाचा. लहान बाळ गिळता गिळता श्वास घेऊ शकतं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते खरं नाही. त्याचं स्वरयंत्र आपल्यापेक्षा वर असतं हे बरोबर, पण प्रत्येक घोट गिळताना त्याचाही श्वास क्षणभर थांबतोच. चोखणं, गिळणं, श्वास, ही त्रिकुटाची लय. तोंड सारखं भरतच राहिलं तर गिळणं संपत नाही आणि श्वासाला जागा राहत नाही. तेव्हा जवळून बघा बाळ काय करतं: भुवया वर जातात, हाताची बोटं फाकतात, दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळतं, जीभ निप्पलला पुढे ढकलते, मान बाजूला वळते. आपण याला नखरे म्हणतो. ते बिचारं श्वास घेत असतं.

यावरचा उपाय फुकट आहे. बाळाला आडवं झोपवून पाजू नका, मांडीवर जवळजवळ बसतं धरा, बाटली आडवी, जमिनीला समांतर, निप्पलमध्ये जेमतेम दूध येईल इतपत. म्हणजे तो साडेसातचा दाब जवळजवळ शून्य होतो आणि बाळ ओढेल तेवढंच येतं. निप्पल ओठाला टेकवून थांबा, त्याने तोंड उघडलं तरच आत, कोंबायचं नाही. दहा-बारा वेळा चोखून झालं की बाटली किंचित खाली करून त्याला दम घेऊ द्या. निप्पल सगळ्यात सावकाश वाहणारं घ्या, आणि पाकिटावरच्या महिन्यांवर फार विसंबू नका, एका कंपनीचं स्लो दुसरीच्या मीडियमसारखं वाहू शकतं.

आता चव. लोकांची इथेच गल्लत होते, कारण बाटली आणि पावडरचं दूध हे दोन वेगळे बदल आहेत आणि आपण ते एकाच दिवशी बाळाच्या तोंडात घालतो. मग नाकारलं तर कशाला नाकारलं हे कळायला मार्गच नाही. म्हणून आधी बाटलीत अंगावरचंच दूध काढून द्या. ते जमलं की मग फॉर्म्युला, म्हणजे पावडरचं दूध.

गोडीत दोन्ही दुधात फार फरक नसतो, लॅक्टोज (दुधातली साखर) दोन्हीकडे 100 मिलीला 7 ग्रॅमच्या आसपास. पण आईच्या दुधात सुटं ग्लुटामेट भरपूर असतं, टोमॅटोला जी चव येते तीच, आणि बहुतेक फॉर्म्युला ज्यापासून बनतो त्या गाईच्या दुधात ते कमी असतं. शिवाय आईचं दूध रोज वेगळं लागतं. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमध्ये ज्युली मेनेला आणि गॅरी बोशाँप यांनी 1991 मध्ये आयांना लसणाच्या कॅप्सूल दिल्या, साधारण दोन तासांनी दुधाला वास आला आणि बाळं त्या दिवशी जास्त वेळ अंगावर राहिली. फॉर्म्युला बाराही महिने एकाच चवीचा, वर तापवलेल्या दुधाचा वास. बाळाला तो परका वाटणारच. काढून ठेवलेल्या अंगावरच्या दुधालाही कधीकधी साबणासारखा वास येतो, कारण त्यातलं लायपेज नावाचं एन्झाईम फॅट तोडत राहतं. ते दूध खराब नसतं, पण काही बाळं तोंड फिरवतात, तेव्हा एकदा ताजं काढून देऊन बघा.

मिसळायचं असेल तर आधी पावडर डब्यावर लिहिलेल्या पाण्यात पूर्ण तयार करा आणि मग त्यात अंगावरचं दूध घाला, सुरुवातीला तीन भाग अंगावरचं, एक भाग फॉर्म्युला, दोन-तीन दिवसांनी निम्मं-निम्मं, असं. थोडंच करा, फेकावं लागलं तर जीव तुटतो. पावडर थेट अंगावरच्या दुधात टाकायची नाही, आणि "पचायला हलकं" म्हणून पाणी वाढवायचं तर अजिबात नाही, जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरून बाळाला झटके येऊ शकतात. पावडर निर्जंतुक नसते, तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू असू शकतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना पाणी उकळून 70 अंशांच्या खाली जायच्या आत पावडर घालायला सांगते, आणि मग कोमट करून पाजायचं. निप्पलला मध लावायची आयडिया कोणीतरी देणारच. वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, चाटवायलाही नाही, त्यात बोटुलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि त्यातून बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. पहिल्यांदा फॉर्म्युला दिल्यावर अंगावर पित्त उठलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर ते नावडणं नाही, गाईच्या दुधाची ॲलर्जी असू शकते, सरळ डॉक्टरकडे.

पाजायला आई नको, हे ऐकायला वाईट वाटतं पण कारण आहे. सहा दिवसांचं बाळ आपल्या आईच्या दुधाच्या वासाकडे मान वळवतं, हे 1975 मध्ये मॅकफर्लेन यांनी कापडी पॅड ठेवून दाखवलंय. खोलीत खरी गोष्ट दरवळत असताना रबर कोण घेणार? बाबा, आजी, मावशी कोणीही चालेल, आईने दुसऱ्या खोलीत किंवा सरळ खाली चक्कर मारायला जावं. वेळ अर्धवट भुकेची निवडावी. रडून लाल झालेल्या बाळाला नवीन काही शिकता येत नाही.

आणि एवढं करूनही बाटली घेतली नाही तर? तर बाटली सोडा. चार-पाच महिन्यांच्या पुढच्या बाळाला वाटी-चमच्याने किंवा छोट्या कपाने पाजता येतं, आपल्याकडे बारशाला चांदीचं बोंडलं द्यायची पद्धत काय उगीच नव्हती, नवजात अतिदक्षता विभागातही पळीसारख्या भांड्याने पाजतात. स्टीलची वाटी पाच मिनिटं उकळली की काम झालं, निप्पलच्या खाचेत अडकलेली साय खरवडत बसायला नको. फक्त घोट तोंडात ओतायचा नाही, ओठाला टेकवून बाळाने ओढू द्यायचा. जाता जाता, 1992 च्या कायद्याने आपल्याकडे फॉर्म्युला आणि बाटल्या दोन्हींच्या जाहिरातीवर बंदी आहे, म्हणूनच पावडरच्या डब्यावर गुटगुटीत बाळाचा फोटो दिसत नाही. रील्समधल्या प्रेमळ शिफारशी वाचताना हे डोक्यात ठेवा.

काही बाळं दिवसभर जेमतेम घोटभर घेतात आणि आई घरी आली की रात्रभर अंगावर पिऊन भरपाई करतात. शी-शू नेहमीसारखी आहे, दिवसाला सहाएक लंगोट ओले होतायत, वजन वाढतंय, तर हे चालतं, आईची झोप सोडून. लंगोट कोरडे राहायला लागले किंवा बाळ मरगळलं तर मात्र वाट बघायची नाही. काढलेलं दूध 25 अंशापर्यंत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस, पण मे महिन्यात नागपूरच्या खोलीत 25 अंश कुठले, तेव्हा बर्फाची पिशवी बरोबर ठेवावी. आणि मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी कायद्यात आहे, 50 किंवा जास्त लोकांच्या ऑफिसला पाळणाघराची सोय करणंही बंधनकारक आहे. रुजू व्हायच्या आधी एचआरला हे लेखी विचारून घ्या, तोंडी विचारलं की "बघू" असं उत्तर येतं.