‘त्याला चढतच नाही’ : दारू, मेंदू आणि औषधांची पार्श्वभूमी

रबाळे-तुर्भे पट्ट्यात ‘दोन क्वार्टर मारूनही सरळ चालतो’ हे आजही कौतुकानं सांगितलं जातं. खरं तर ती धोक्याची खूण आहे.

घोळ शब्दांत आहे. थोड्या दारूनंही लवकर चढणं याला डॉक्टर ‘संवेदनशीलता’ म्हणतात, आपल्याला तो कमकुवतपणा वाटतो. आणि ‘पचवणं’ या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. यकृतानं दारूचं विघटन करणं ही पहिली. दुसरी, मेंदूला झालेली सवय. दारू ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि उत्तेजना देणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. रोज प्यायल्यावर मेंदू उलट दिशेनं ताण देऊन तोल सांभाळू लागतो. म्हणूनच एकदम सोडली की सकाळी कपबशी हातात खडखडते, एखाद्याला फिटही येते. तिसरी गोष्ट बरीचशी उपजत: मुळात परिणामच कमी होणं. १९८० च्या दशकात व्यसनी वडिलांच्या तरुण मुलांना मोजून दारू देऊन पाहिलं गेलं. ज्यांना कमी चढली, त्यांच्यात काही वर्षांनी व्यसनाचं प्रमाण जास्त निघालं. ‘आता बस’ हा इशाराच त्यांना उशिरा मिळतो.

दारू सोडवणाऱ्या औषधांची सुरुवात मात्र मेंदूपासून झाली नाही. डायसल्फिराम हे रबर उद्योगातलं रसायन. ते शरीरात असताना दारू प्यायली तर ॲसिटाल्डिहाइड, म्हणजे दारूच्या विघटनात तयार होणारं विषारी रसायन, साचतं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. अमेरिकेत १९५१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ असल्या जाहिराती वाचून काही घरांत ही गोळी गुपचूप आमटीत मिसळतात. कृपा करून असं करू नका. रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि पिणाऱ्याला कारणही कळत नाही.

१९८६ मध्ये उंदरांची नशा उतरवणाऱ्या आरओ १५-४५१३ या रसायनानं खळबळ उडाली. पण प्राणघातक मात्रेपासून ते वाचवत नव्हतं, शिवाय फिट येण्याची भीती होती. ते बनवणाऱ्या कंपनीनं ते गुंडाळून ठेवलं, तेच बरं झालं. नशा न जाणवता पिणारा माणूस किती प्यायला असता!

१९९४ मध्ये अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी मान्यता मिळालेलं नालट्रेक्सोन दारूतून मिळणारा आनंदच कमी करतं. १९९९ मध्ये मेंदूतलं एक एन्झाइम नसलेले उंदीर लवकर झिंगतात आणि पितातही बरंच कमी, असं दिसलं. माणसात ते एन्झाइम रोखून दारू सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी अजून आलेली नाही.