पदवीचा विषय म्हणून शिक्षणशास्त्र : बडोद्याच्या वाटेने एक पार्श्वभूमी

बारावीनंतर मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन पदवी करता येते, हे बडोद्यातल्या मराठी घरांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. शिक्षणशास्त्र हाही तसाच पदवीचा मुख्य विषय होऊ शकतो, असे म्हटले की मात्र ‘म्हणजे बी.एड. ना?’ असा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याला दोष देता येणार नाही. बंगाल, ओडिशा, आसाम आणि उत्तर प्रदेश या प्रांतांतल्या महाविद्यालयांत बी.ए.ला हा विषय फार पूर्वीपासून शिकवला जातो. गुजरात आणि महाराष्ट्रात तो क्वचितच आढळतो. आपल्याकडे या विषयाने विद्यापीठात प्रवेश केला तोच शिक्षकांच्या प्रशिक्षणाच्या दाराने, आणि तो प्रवेश कसा झाला हे बडोद्याइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते.

१८५४च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे कंपनी सरकारच्या शिक्षणविषयक आदेशपत्राने, शिक्षकांना शिकवण्याचे शिक्षण देणाऱ्या संस्थांची गरज सरकारी धोरणात मांडली. त्यातून प्राथमिक शिक्षकांसाठी नॉर्मल स्कुले आणि पुढे माध्यमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेजे उभी राहिली. मुंबईचे सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६चे. तिथे येणारा विद्यार्थी आधीच पदवीधर असे. इतिहास, गणित किंवा संस्कृत शिकून आलेल्या माणसाला वर्गात उभे राहण्यास तयार करणे एवढेच काम अपेक्षित होते. ‘आधी विषयाची पदवी, मग बी.टी. (म्हणजे अध्यापनाची पदवी)’ हा क्रम तेव्हापासून रूढ झाला, आणि पुढे बी.टी.चे बी.एड. झाले तरी तो बदलला नाही.

बडोदा संस्थानात या प्रश्नाला वेगळी धार आली, कारण सयाजीराव गायकवाडांनी शाळा सर्वांसाठी सक्तीची करण्याचे ठरवले. १८९३मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६मध्ये कायद्याने ही सक्ती सगळ्या संस्थानाला लागू झाली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. या सक्तीचा तपशील नीट पाहण्यासारखा आहे. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड करण्याची तरतूद कायद्यात होती. ज्या घरात पेरणी-कापणीच्या दिवसांत दहा वर्षांचा मुलगाही शेतावर लागत असे, त्या घराच्या दृष्टीने या दंडाचा अर्थ काय होता? मुलींच्या हजेरीवर त्याचा काय परिणाम झाला? एवढ्या शाळांना लागणारे शिक्षक कुठून आणि कोणत्या तयारीचे आले? या प्रश्नांना इतिहास, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही बाजूंनी भिडावे लागते, आणि पदवीच्या पातळीवर शिक्षणशास्त्र शिकणे म्हणजे नेमके हेच काम. शिकवण्याचे कौशल्य ही त्याची एक शाखा आहे, सगळा वृक्ष नव्हे.

संस्थानात माध्यमिक शिक्षकांसाठीचे प्रशिक्षण महाविद्यालय १९३५मध्ये निघाले. १९४९मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि या महाविद्यालयातून विद्यापीठाची शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखा आकाराला आली. दोन विषय एका छताखाली आणण्याचा हा निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण मूल शिकते कसे या प्रश्नाला त्यामुळे विद्यापीठात हक्काची जागा मिळाली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठ अनुदान आयोगाने इथे शिक्षणातील प्रगत अध्ययन केंद्र सुरू केले, आणि देशभरातून संशोधक बडोद्याला येऊ लागले. भारतातल्या शैक्षणिक संशोधनाचा पहिला मोठा आढावा एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली याच केंद्रातून १९७४मध्ये प्रसिद्ध झाला. प्रबंध लिहिणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी आपल्या विषयावर आधी काय झाले आहे, हे शोधण्याची सुरुवात त्यापासून केली.

अशा रीतीने वरचे मजले उभे राहिले, पण पदवीचा मजला मोकळाच राहिला. ही उणीव कोणाच्या लक्षात आली नव्हती असे नाही. १९६४ ते १९६६ या काळात देशातल्या शिक्षणाचा आढावा घेतलेल्या कोठारी आयोगाने शिक्षणशास्त्राला स्वतंत्र ज्ञानशाखा मानावे आणि पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ते ऐच्छिक विषय म्हणून ठेवावे, अशी स्पष्ट शिफारस केली होती. प्रशिक्षण महाविद्यालये विद्यापीठापासून, शाळांपासून आणि एकमेकांपासूनही तुटलेली आहेत, हे निदानही त्याच अहवालातले. या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते, हे मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे.

पदवीला हा विषय ठेवण्याची शिफारस आपल्याकडे रुजली नाही, याचे कारण मला मुख्यतः नोकरीच्या रचनेत दिसते. माध्यमिक शाळेत लागायचे तर शालेय विषयातली पदवी आणि बी.एड. हवे, नुसत्या शिक्षणशास्त्राच्या पदवीवर कोणता विषय शिकवायला देणार, याचे उत्तर भरतीच्या नियमांत नव्हते. बी.एड.च्या वर्गातही वेळ अपुरा पडे. छात्राध्यापकाने रात्री पाठ टाचण लिहावे, सकाळी सराव पाठ घ्यावा, मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकाने फळ्यावरचे अक्षर, प्रश्नांची वाटणी आणि आवाजाची पट्टी यांवर शेरे लिहावेत, आणि सत्र संपत आले की तत्त्वज्ञान व समाजशास्त्राच्या प्रश्नपत्रिकांसाठी नोट्स पाठ कराव्यात. सरावाचे मोल मोठेच आहे. त्याला तोड नाही. पण ज्याने शिक्षणाचा विचार त्याआधी कधी केलेला नाही, त्याला एका वर्षात दोन्ही पेलणे अवघडच होते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले, त्यामागे हीही जाणीव होती.

पदवी आणि प्रशिक्षण एकत्र करण्याचे प्रयत्नही जुने आहेत. १९६३च्या सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये निघाली व त्यांत चार वर्षांचे एकात्मिक अभ्यासक्रम सुरू झाले. दिल्ली विद्यापीठाने १९९४मध्ये प्राथमिक शिक्षणाची चार वर्षांची पदवी आणली. गुजरातने २०१०मध्ये गांधीनगरला शिक्षक-शिक्षणासाठी स्वतंत्र विद्यापीठच काढले. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०३०पर्यंत चार वर्षांचे एकात्मिक बी.एड. ही शिक्षकाची किमान पात्रता ठरवण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि २०२३-२४पासून निवडक संस्थांत तो कार्यक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला.

बारावीनंतर थेट शिक्षणाच्या अभ्यासाकडे वळण्याची वाट त्यामुळे प्रथमच रुंद होत आहे, आणि त्याचे मी मनापासून स्वागत करतो. तरीही ही वाट शिक्षक होण्याची आहे. ज्याला शाळांचे अर्थकारण, पाठ्यपुस्तकांची घडण, मातृभाषेतून शिक्षणाचा प्रश्न किंवा बडोद्यातल्या मराठी शाळांचा इतिहास अभ्यासायचा आहे, पण वर्गावर जायचे नाही, त्याला अजूनही आधी दुसऱ्या एखाद्या विषयाची पदवी घ्यावी लागते आणि एम.ए. किंवा पीएच.डी.पर्यंत थांबावे लागते. कोठारी आयोगाला जो ऐच्छिक विषय अपेक्षित होता तो अशा विद्यार्थ्यासाठी होता, आणि तो सुरू करायला लागणारे ग्रंथालय, अध्यापक आणि संशोधनाची परंपरा बडोद्याकडे आधीपासूनच आहे.