पाठ रिकामी, तरी स्वार दिसतो

अडीच वर्षांच्या मुलाला एका खोलीची छोटी प्रतिकृती दाखवली जाते. खऱ्या खोलीतलं सगळं सामान तिच्यात त्याच जागी आहे, फक्त बाहुलीघराच्या मापाचं. मुलाच्या डोळ्यांदेखत इवल्याशा कोचामागे एक छोटं खेळणं लपवलं जातं. मग त्याला सांगतात, मोठं खेळणंही मोठ्या खोलीत याच जागी लपलंय, जा, शोधून आण. मूल उत्साहानं धावतं आणि भलतीकडेच शोधत बसतं. ते काही विसरलेलं नसतं. परत प्रतिकृतीपाशी आणलं, की छोटं खेळणं बरोबर काढून देतं. तीन वर्षांची बहुतेक मुलं मात्र मोठ्या खोलीत शिरल्यावर थेट कोचाकडे जातात.

मानसशास्त्रज्ञ ज्यूडी डीलोश यांनी हा प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध केला. दहा वर्षांनी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक विलक्षण बदल केला. या वेळी खेळणं मोठ्या खोलीत लपवलं आणि अडीच वर्षांच्या मुलांना सांगितलं, की हे यंत्र खोली आक्रसून लहान करतं. यंत्र सुरू झालं, थोडा वेळ गेला, आणि मोठ्या खोलीच्या जागी मुलांना छोटी खोली दाखवली. त्यांनी खेळणं सहज शोधलं! कारण आता ही खोली त्या खोलीची खूण नव्हती. मुलांच्या लेखी ती तीच खोली होती, लहान झालेली.

म्हणजे मुलांना जड जात होती ती दुहेरी नजर. समोरची वस्तू ही एक वस्तू आहे आणि त्याच क्षणी ती दुसऱ्या कशाची तरी जागा घेते आहे, हे दोन्ही एकदम मनात धरणं. प्रतीक म्हणतात ते हेच. डीलोश यांना आणखी एक गोष्ट आढळली आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. तीन वर्षांच्या मुलांना आधी प्रतिकृतीशी मनसोक्त खेळू दिलं, तर नंतर शोधताना ती जास्त चुकत. उलट अडीच वर्षांच्या मुलांना ती काचेआडून दाखवली, तर त्यांना खेळणं शोधणं जास्त जमे. वस्तू स्वतःच फार ओढ लावू लागली, की तिच्या पलीकडचं दिसत नाही. कलावंताला हा तोल हाताच्या सवयीनं कळलेला असतो.

ही दुहेरी नजर किती जुनी असेल? जर्मनीतल्या होलेनश्टाइन-श्टाडेल गुहेत १९३९ साली मॅमथच्या सुळ्याचे तुकडे सापडले. ते जुळवत गेल्यावर सिंहाचं डोकं आणि माणसाचं धड असलेली सुमारे ३१ सेंटिमीटर उंचीची मूर्ती उभी राहिली. तिचं वय सुमारे चाळीस हजार वर्षं. दगडी हत्यारांनी असा सुळा कोरायला शेकडो तास लागतात, हे तशीच मूर्ती नव्यानं घडवून पाहिल्यावर दिसलं आहे. रानात कधीच न भेटलेल्या प्राण्यासाठी कुणीतरी एवढे कष्ट उपसले.

प्रतीक ठेवलं, की गोष्ट बरीचशी पाहणाराच रचतो. फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी १९४४ मध्ये एक छोटी चलतचित्रफीत दाखवली होती. तिच्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप करणारं दार असलेला चौकोन, एवढंच होतं. पाहणाऱ्या ३४ जणांना काय दिसलं ते लिहायला सांगितलं. फक्त एकीनं ते भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांनी भांडण, धाकदपटशा, पळापळ लिहिली. बहुतेकांना मोठा त्रिकोण दांडगट वाटला.

सांचीच्या शिल्पकारांनी माणसाच्या या ओढीवर केवढा विश्वास टाकला होता! मोठ्या स्तूपाच्या पूर्व तोरणावर, मधल्या आडव्या पट्टीवर, सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा प्रसंग कोरलेला आहे. काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. डावीकडे कपिलवस्तू नगरी आहे. तिच्या वेशीतून कंथक घोडा बाहेर पडतो, थोडं पुढे पुन्हा तोच घोडा, आणखी पुढे पुन्हा तोच. एकाच दगडी पट्टीवर काळ असा डावीकडून उजवीकडे सरकतो. घोड्याच्या टापांचा आवाज होऊ नये म्हणून त्याचे पाय खालून हातांवर झेललेले आहेत. वर छत्र धरलेलं आहे. आणि पाठीवर कुणीही नाही.

कुणी नाही, तरी स्वार दिसतो, तो त्या छत्रामुळे. रिकाम्या पाठीवर कुणी छत्र धरत नाही. उजव्या टोकाला छत्राखाली दोन मोठी पावलं आहेत आणि सारथी छन्न त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसला आहे. त्याच टोकाशी घोडा परत फिरलेला दिसतो. आता त्याच्यावर छत्र नाही. पाठ आधीही रिकामी होती आणि आताही रिकामीच आहे, पण आताचं रिकामेपण वेगळं आहे. एक छत्र काढून घेऊन शिल्पकारानं ताटातूट सांगितली. मला तरी दगडात यापेक्षा हळवं काही कोरलेलं माहीत नाही.

प्रतीक असण्यानसण्यानं काय फरक पडतो, हे ड्रेस्डेनमधल्या एका चित्रात अगदी मोजूनमापून दिसलं. डच चित्रकार योहानेस व्हर्मीर यांनी १६५७ ते १६५९ च्या सुमारास उघड्या खिडकीपाशी पत्र वाचणारी एक मुलगी रंगवली. पुढे किती पिढ्यांनी तिच्यामागे कोरी भिंत पाहिली. पत्रात काय असेल ते ज्यानं त्यानं ठरवायचं. १९७९ मध्ये क्ष-किरणांनी त्या भिंतीखाली एक कामदेव दाखवला, म्हणजे भिंतीवर टांगलेलं चित्रातलं चित्र. व्हर्मीर यांनीच तो नंतर झाकला असावा, असं तेव्हा मानलं गेलं.

२०१७ मध्ये साफसफाई सुरू झाली, तेव्हा रंगाचे सूक्ष्म नमुने तपासले. कामदेव आणि त्याच्यावरचा भिंतीचा रंग यांच्यामध्ये वॉर्निशचा आणि धुळीचा थर होता. धूळ साचायला वर्षं जावी लागतात. चित्र पुरं झाल्यानंतर काही दशकांनी, व्हर्मीर गेल्यावर, दुसऱ्याच कुणीतरी तो झाकला होता. मग सूक्ष्मदर्शकाखाली धारदार पात्यानं तो वरचा रंग कणाकणानं खरवडून काढला आणि २०२१ मध्ये चित्र लोकांसमोर आलं. कामदेवाच्या पायाखाली मुखवटे आहेत. मुखवटा म्हणजे सोंग, फसवणूक. तो तुडवणारा कामदेव म्हणजे खरं प्रेम. मुलीचा चेहरा जराही बदललेला नाही, हातातला कागदही तोच आहे. पण आता ते प्रेमपत्र आहे.

अर्थात मुखवट्याचा हा संकेत ठाऊक नसेल, तर तिथे नुसता एक उघडा पोरगा दिसेल. प्रतीकाचा अर्धा भाग चित्रात असतो आणि अर्धा पाहणाऱ्यांच्या सामायिक स्मृतीत. ती स्मृती पुसट झाली, की वाद सुरू होतात. यान व्हॅन आयक यांच्या १४३४ च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात भरदिवसा एकच मेणबत्ती जळते आहे. तिचा अर्थ काय, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही.

आणि सगळेच जाणकार काळाआड गेले, तर? दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत दगडाची एक छोटी कपची सापडली. तिच्यावर गेरूच्या कांडीनं ओढलेल्या नऊ रेघा आहेत, सहा साधारण समांतर आणि त्यांना छेदणाऱ्या तीन. वय सुमारे ७३ हजार वर्षं. त्यांचा अर्थ सांगणारं कुणी उरलेलं नाही. भिंगातून पाहिलं, तर या रेघा कपचीच्या कडेशी एकदम तुटलेल्या दिसतात. म्हणजे मूळ दगड मोठा होता आणि त्याच्यावर त्या आणखी पुढे गेलेल्या होत्या.