बीओडी पास, तरी पाणी तपकिरी?

बडोद्यात काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून विश्वामित्री नदीत डोकावलं की आधी नाकाला कळतं. तो वास मुख्यतः मैलापाण्याचा. कारण इथल्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी खंभातच्या आखाताकडे जाणारा 55 किलोमीटरच्या आसपासचा वेगळा कालवा आहे. कागद गिरणीचं पाणी अनेकदा नाकापेक्षा डोळ्यांना खुपतं: कोऱ्या चहासारखा रंग, वर फेस. पाणी तपासणीच्या अहवालात मात्र दोन्ही पाण्यांसाठी बीओडी आणि सीओडी हेच आकडे शेजारी-शेजारी असतात, आणि बरेच जण पहिलाच वाचून मोकळे होतात.

बीओडी म्हणजे घाण खाताना जिवाणूंनी वापरलेला ऑक्सिजन. नमुन्याची बाटली काठोकाठ भरून, बूच लावून, 27 अंशांवर 3 दिवस अंधारात ठेवायची. विरघळलेला ऑक्सिजन जेवढा घटला तेवढा हिशेबात धरायचा. सीओडीत जिवाणूंचं कामच नाही. डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लात नमुना 150 अंशांवर 2 तास तापवतात, म्हणजे जिवाणूंना न पचणारंही बहुतेक सगळं जळतं; त्याला लागलेला ऑक्सिजन म्हणजे सीओडी. म्हणून सीओडीचा आकडा मोठा.

किती मोठा, त्यावर सगळं आहे. मैलापाण्यात बीओडी साधारण सीओडीच्या निम्म्याच्या आसपास असतो. टाकीत हवा खेळवली की जिवाणू बरंचसं संपवतात. पण लाकूड, पेंढा किंवा उसाची चिपाडं शिजवून लगदा केला, तर पाण्यात लिग्निन, म्हणजे वनस्पतींचे तंतू एकत्र धरणारा पदार्थ, उतरतं, आणि ते जिवाणूंना सहजी पचत नाही. नदीत सोडायच्या सांडपाण्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला बीओडी 30 आणि सीओडी 250 मिलिग्रॅम. समजा प्रक्रियेनंतर बीओडी 25 आला आणि सीओडी 400 राहिला. पहिल्या आकड्यात पास, दुसऱ्यात सपशेल नापास, आणि तपकिरी रंग जवळपास तसाच. त्या रंगामुळे ऊन खोल पोचत नाही, शेवाळ आणि पाणवनस्पतींचं अन्न तयार करणं मंदावतं, नदीला त्यांच्याकडून मिळणारा ऑक्सिजन घटतो.

वापीकडे रद्दीवर चालणाऱ्या गिरण्या आहेत. रद्दीला तसं शिजवावं लागत नाही, त्यामुळे लिग्निन कमी. पण कागदातला स्टार्च पाण्यात उतरतो, आणि तो जिवाणूंचा आवडता, म्हणजे बीओडी चढतो. तेव्हा गिरणी कशापासून कागद करते हे आधी विचारावं.

क्लोरीनने लगदा पांढरा केला असेल तर तयार होणारी क्लोरीनयुक्त संयुगं या दोन्ही आकड्यांतून ओळखू येत नाहीत. त्यांची एओएक्स नावाची चाचणी वेगळी मागावी लागते.