थीटा-२ इंजिन रिकॉल

ह्युंदाई आणि किया या दक्षिण कोरियन कंपन्यांच्या ‘थीटा-२’ या २.० लिटर टर्बो व २.४ लिटर पेट्रोल इंजिनांतील निर्मितिदोषामुळे २०१५ पासून, मुख्यतः अमेरिकेत, गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची जी मालिका सुरू झाली, ती या नावाने ओळखली जाते. रिकॉलच्या पत्राकडे वाहनमालकाने किती गांभीर्याने पाहावे, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

दोषाचे मूळ क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरत्या गतीत बदलणाऱ्या दांड्याच्या, यंत्रणकामात होते. क्रँकशाफ्टमधील छिद्रांतून पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगपर्यंत (घर्षण कमी करणाऱ्या भागापर्यंत) ऑईल पोहोचते. छिद्रे पाडताना निघालेला धातूचा बारीक कीस पूर्णपणे साफ न झाल्यास तो ऑईलची वाट अडवतो, बेअरिंग कोरडे पडून झिजते आणि धावत्या गाडीचे इंजिन अचानक जाम होऊ शकते. क्वचित तुटलेला रॉड इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर येतो आणि तापलेल्या भागांवर ऑईल सांडून आग लागते. त्याआधी बहुधा एक खूण मिळते. इंजिनच्या खालच्या भागातून ठक-ठक असा धातूवर धातू आदळल्यासारखा आवाज येऊ लागतो आणि इंजिनचा वेग वाढेल तसा तो वाढत जातो. हा आवाज आल्यावर ‘सर्व्हिसिंगच्या वेळी बघू’ असे म्हणून गाडी चालवत राहणे धोक्याचे आहे. ती तिथेच थांबवून टो करून नेणे योग्य.

सप्टेंबर २०१५ मध्ये ह्युंदाईने अलाबामा राज्यातील कारखान्यात तयार झालेल्या इंजिनांच्या २०११-१२ च्या सुमारे ४,७०,००० सोनाटा गाड्या परत बोलावल्या. मार्च २०१७ मध्ये आणखी सोनाटा गाड्यांबरोबर सँटा फे स्पोर्ट आणि कियाच्या ऑप्टिमा, सोरेंटो व स्पोर्टेज यांची भर पडली. दरम्यान २०१६ मध्ये ह्युंदाईच्याच एका अभियंत्याने कंपनीची अंतर्गत माहिती अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनापुढे ठेवली होती. दोष कळल्यापासून पाच कामकाजी दिवसांत या यंत्रणेला कळवणे तेथील निर्मात्यावर बंधनकारक आहे. दोन्ही कंपन्यांनी रिकॉल वेळेवर केले नाहीत, या आरोपावरून नोव्हेंबर २०२० मध्ये एकूण २१ कोटी डॉलरच्या दंडाची तडजोड झाली, आणि पुढील वर्षी त्या अभियंत्याला २.४ कोटी डॉलरहून अधिक बक्षीस देण्यात आले. त्याने तोंड उघडले नसते, तर असंख्य मालकांना सत्य कळण्यास आणखी विलंब झाला असता.

रिकॉल आणि वॉरंटी यांत मालकांची गल्लत होते. वॉरंटीला काळाची किंवा किलोमीटरची मर्यादा असते आणि दावा करताना ऑईल बदलल्याच्या पावत्या मागितल्या जाऊ शकतात. सुरक्षेसाठी केलेला रिकॉल मात्र गाडीशी जोडलेला असतो. त्यामुळे जुनी गाडी विकत घेणाऱ्यालाही, गाडी पहिल्या विक्रीपासून पंधरा वर्षांच्या आत असल्यास, अमेरिकेत मोफत दुरुस्तीचा हक्क मिळतो. आपली गाडी यादीत आहे का, हे सतरा अक्षर-अंकांच्या चॅसिस क्रमांकावरून वर उल्लेखलेल्या अमेरिकी सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर तपासता येते. पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर गेलेले असणे सहज शक्य असल्याने ही तपासणी स्वतःच करावी. रिकॉलपूर्वी पदरमोड करून दुरुस्ती केली असल्यास, ठरावीक अटींवर तो खर्च परत मागता येतो आणि त्यासाठी बिले जपून ठेवावी लागतात.

रिकॉलमध्ये प्रत्येक गाडीचे इंजिन बदलले गेले नाही. आधी तपासणी झाली आणि बेअरिंगची झीज आढळली तेथेच इंजिन बदलले. पुढे नॉक सेन्सर या इंजिनची कंपने टिपणाऱ्या उपकरणाच्या साहाय्याने बेअरिंगची असामान्य कंपने ओळखणारे सॉफ्टवेअर अनेक गाड्यांत बसवण्यात आले. झीज जाणवताच ते इशारादिवा लुकलुकवते आणि इंजिनची ताकद मर्यादित करते. सॉफ्टवेअरमुळे झिजलेले बेअरिंग दुरुस्त होत नाही, म्हणून असा दिवा लागल्यास गाडी ताबडतोब डीलरकडे न्यावी.

भारतात मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ च्या कलम ११०अ ने केंद्र सरकारला रिकॉलचा आदेश देण्याचा अधिकार दिला. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेले नियम सात वर्षांपर्यंतच्या वाहनांना लागू होतात, आणि सक्तीच्या रिकॉलमध्ये निर्मात्याला १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.